रुपेरी गाडी आणि तोट्याचे गणित

एखादी रेल्वेगाडी तोट्यात चालते, म्हणून ती बंद करावी, हा युक्तिवाद वरकरणी बिनतोड वाटतो. जमा आणि खर्च हे दोन रकाने एकदा समोर मांडले की वादाला जागा उरत नाही, अशी शासनकर्त्यांची आणि व्यवस्थापकांची समजूत असते. परंतु त्या रकान्यांत काय धरले आणि काय वगळले, असा प्रश्न कुणी विचारला की हे गणित दिसते तितके सरळ नाही, असे आढळून येते. अमेरिकेतील शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्को या शहरांना जोडणाऱ्या ‘कॅलिफोर्निया झेफिर’ या गाडीचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. १९४९ मध्ये सुरू झालेली ही गाडी एकवीस वर्षे धावली, प्रवाशांची लाडकी ठरली आणि १९७० मध्ये तोट्याच्या कारणास्तव बंद पडली. त्यानंतर तेरा वर्षांनी सरकारी पैशाच्या बळावर ती पुन्हा सुरू करावी लागली. खाजगी उद्योगावरील श्रद्धा जेथे जवळजवळ धर्मश्रद्धेइतकी दृढ आहे, अशा देशात हे घडले, हे विशेष.

मंदीतील जन्म

झेफिर घराण्याचा जन्म ऐश्वर्याच्या काळातला नव्हे, तर मंदीच्या काळातला. १९२९ नंतरच्या आर्थिक अरिष्टात अमेरिकन रेल्वे कंपन्यांचे प्रवासी झपाट्याने घटले. मोटारगाडी त्याआधीच मध्यमवर्गाच्या दारात येऊन उभी राहिली होती. कोळशाची धूळ, जड डबे आणि संथ वेळापत्रके यांना लोक कंटाळले होते. अशा वेळी ‘शिकागो, बर्लिंग्टन अँड क्विन्सी’ या कंपनीचे अध्यक्ष राल्फ बड यांनी एक धाडस केले. फिलाडेल्फियातील कारखानदार एडवर्ड बड यांनी स्टेनलेस स्टीलचे पत्रे विजेच्या क्षणिक प्रवाहाने सांधण्याची पद्धत आपल्या कारखान्यात विकसित करवून घेतली होती. नेहमीच्या जोडकामाच्या उष्णतेने या धातूचा गंजरोधक गुण नष्ट होत असे. नव्या पद्धतीने ती अडचण दूर झाली. परिणामी हलके, मजबूत आणि रंग न लावताही चकाकणारे डबे तयार करता येऊ लागले. त्यांना ६०० अश्वशक्तीच्या डिझेल इंजिनाची जोड देण्यात आली. वाऱ्याचा अडथळा कमी व्हावा म्हणून गाडीचे तोंड उतरते आणि अंग सलग ठेवण्यात आले. अशा गाड्यांना पुढे ‘स्ट्रीमलाइनर’ हे नाव रूढ झाले. ग्रीक पुराणातील पश्चिमवाऱ्याच्या देवतेवरून या तीन डब्यांच्या गाडीचे ‘झेफिर’ असे नामकरण झाले.

२६ मे १९३४ रोजी ही गाडी पहाटे डेन्व्हरहून निघाली आणि त्याच संध्याकाळी शिकागोला पोहोचली. १,०१५ मैलांचे अंतर तिने १३ तास ५ मिनिटांत, वाटेत कोठेही न थांबता कापले. सरासरी वेग ताशी सुमारे १२५ किलोमीटर पडला. एरवी या प्रवासाला जवळजवळ दुप्पट वेळ लागत असे. वाटेतील प्रत्येक फाटकावर त्या दिवशी पहारा ठेवण्यात आला होता. शिकागोत भरलेल्या जागतिक प्रदर्शनाच्या रंगमंचावर गाडी थेट नेण्यात आली आणि देशभर तिचा गवगवा झाला. युनियन पॅसिफिक कंपनीची अशाच धर्तीची अ‍ॅल्युमिनियमची गाडी काही महिने आधीच तयार झाली होती, हे खरे. परंतु तिचे इंजिन डिझेलचे नव्हते. वाफेच्या इंजिनाचे युग संपत आल्याची वर्दी झेफिरने दिली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. या गाड्या कंपन्यांनी चालविल्या त्या केवळ तिकिटांच्या उत्पन्नासाठी नव्हेत. रेल्वेचा खरा नफा मालवाहतुकीत होता. चकाकणारी प्रवासी गाडी म्हणजे पेढीची दर्शनी बाजू होती. ज्या व्यापाऱ्याचा माल कंपनीला वाहायचा होता, त्याच्या मनावर कंपनीचे नाव ठसविण्याचे काम ती करीत असे. दर्शनी बाजू जोवर धंद्याला उपयोगी पडते तोवर मालक ती रंगवून ठेवतो. उपयोग संपला की तिच्यावर होणारा खर्च त्याला खुपू लागतो. झेफिरच्या नंतरच्या दुर्दैवाचे बीज येथेच होते.

काचेचा घुमट

१९४४ मध्ये जनरल मोटर्सच्या इंजिन विभागाचे सायरस ऑसबर्न हे अधिकारी कोलोरॅडो राज्यातील ग्लेनवुडच्या खोल घळीतून इंजिनात बसून प्रवास करीत होते. इंजिनाच्या उंच काचेतून दिसणारे कडे आणि नदी पाहून, चालकाला जे दिसते ते प्रवाशाला का दिसू नये, असा प्रश्न त्यांना पडला. त्यातून डब्याच्या छतावर काचेचा घुमट उभारून आत आसने मांडण्याची कल्पना निघाली. १९४५ मध्ये बर्लिंग्टन कंपनीने आपल्या एका जुन्या डब्याचे रूपांतर करून असा पहिला डबा तयार केला. ‘व्हिस्टा-डोम’ हे त्याचे नाव.

चार वर्षांनी, २० मार्च १९४९ रोजी, कॅलिफोर्निया झेफिर सुरू झाली. ही गाडी कुणा एका कंपनीची नव्हती. शिकागो ते डेन्व्हर बर्लिंग्टन, डेन्व्हर ते सॉल्ट लेक सिटी रिओ ग्रँड आणि तेथून सॅन फ्रान्सिस्कोसमोरच्या ओकलंडपर्यंत वेस्टर्न पॅसिफिक, अशा तीन कंपन्यांच्या रुळांवरून ती सुमारे ४,०६० किलोमीटर धावत असे. रोज दोन्ही टोकांहून गाडी सोडण्यासाठी सहा संपूर्ण गाड्या बांधण्यात आल्या. प्रत्येक गाडीत पाच घुमट होते आणि प्रत्येक डब्याचे नाव ‘सिल्व्हर’ या शब्दाने सुरू होत असे. प्रवाशांची विचारपूस करण्यासाठी ‘झेफिरेट’ या नावाची एक परिचारिका गाडीवर असे.

या गाडीचे खरे वैशिष्ट्य तिच्या वेळापत्रकात होते. युनियन पॅसिफिकच्या मार्गाने जाणारी प्रतिस्पर्धी ‘सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को’ हेच अंतर चाळीस तासांच्या आसपास काटीत असे. झेफिरला पन्नासहून अधिक तास लागत. तिचा मार्ग डोंगराळ आणि वळणावळणांचा होता. शर्यतीत आपण जिंकणार नाही, हे ओळखून तिन्ही कंपन्यांनी उणिवेचेच भांडवल केले. रॉकी पर्वताच्या रांगा, १९२८ मध्ये खुला झालेला सहा मैलांहून लांब मोफॅट बोगदा, कोलोरॅडो नदीच्या घळी आणि सिएरा नेवाडातील फेदर नदीची दरी हे सारे दिवसाउजेडी लागावे आणि नेवाडाचे ओसाड वाळवंट रात्री मागे पडावे, अशा बेताने गाडी सोडण्यात येई. विमानाशी वेगात स्पर्धा करणे रेल्वेला अशक्य होते. प्रवास हाच जर आनंदाचा विषय झाला, तर लोक रेल्वेकडे वळतील, हा तिन्ही कंपन्यांचा होरा पहिली काही वर्षे खरा ठरला.

या झगमगाटामागचे श्रमही विसरता कामा नयेत. अमेरिकन रेल्वेच्या शयनयानांतील सेवक बहुतांशी कृष्णवर्णीय होते. त्यांच्या संघटनेला पुलमन कंपनीकडून पहिला करार मिळविण्यासाठी ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली बारा वर्षे झगडावे लागले आणि तो करार १९३७ मध्ये झाला. स्ट्रीमलाइनरच्या सुवर्णयुगाची जी रम्य वर्णने लिहिली जातात, त्यांत या माणसांना क्वचितच स्थान मिळते.

पाय कोठे घसरला

मग अशी गाडी बुडाली कशी? प्रवाशांनी पाठ फिरविली, हे नेहमीचे उत्तर. ते अर्धेच खरे आहे. उन्हाळ्यात झेफिर अखेरपर्यंत भरून जात असे. हिवाळ्यात मात्र तिची बरीच आसने रिकामी राहत. खर्च दोन्ही ऋतूंत तेवढाच. मजुरीचे नियमही वाफेच्या जमान्यातले होते. इंजिनावरील माणसांना शंभर मैलांमागे एक दिवसाचे वेतन द्यावे लागे; गाडी वेगाने पळू लागली तरी नियम बदलला नव्हता. वेस्टर्न पॅसिफिक ही तिघांतली छोटी कंपनी. तिला वर्षानुवर्षे होणारा तोटा काल्पनिक नव्हता. खाजगी कंपनीने भागधारकांच्या पैशाने लोकांना डोंगर दाखवीत बसावे, अशी अपेक्षा कुणीही समंजस माणूस करणार नाही.

तथापि चित्राची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. १९५६ च्या कायद्याने अमेरिकन सरकारने ४१,००० मैलांच्या आंतरराज्य महामार्गांचे जाळे विणण्यास घेतले आणि त्याच्या खर्चाचा नव्वद टक्के भार स्वतः उचलला. हा पैसा मोटारधारकांनी भरलेल्या इंधनकरातूनच आला, असा युक्तिवाद केला जातो आणि त्यात तथ्य आहे. परंतु रेल्वेला कोणतेच सरकार असे रूळ अंथरून देत नव्हते. विमानतळ नगरपालिका बांधत, त्यांना संघराज्याचे अनुदान मिळे आणि आकाशातील वाहतुकीचे नियंत्रण सरकारी खर्चाने होई. रेल्वे कंपनी मात्र आपले रूळ, आपली स्थानके आणि आपले सिग्नल स्वतःच्या पैशाने राखीत होती आणि त्या मालमत्तेवर वर करही भरीत होती. युद्धकाळात लोकांनी अनावश्यक प्रवास टाळावा म्हणून रेल्वेच्या तिकिटावर बसविलेला कर युद्ध संपले तरी उठला नाही. १५ टक्क्यांवरून तो १९५४ मध्ये १० टक्क्यांवर आला आणि रेल्वेपुरता रद्द व्हायला १९६२ साल उजाडावे लागले. तोवर जेट विमाने सुरू होऊन चार वर्षे झाली होती.

वेगाच्या बाबतीतही रेल्वेचे पाय बांधले गेले. एप्रिल १९४६ मध्ये शिकागोजवळ नेपरव्हिल येथे बर्लिंग्टनच्याच दोन गाड्यांची टक्कर होऊन चाळीसहून अधिक माणसे दगावली. पाठीमागून धडकलेली ‘एक्स्पोझिशन फ्लायर’ ही कॅलिफोर्निया झेफिरची पूर्वज गाडी होती. त्यानंतर नियामक आयोगाने विशेष सिग्नलयंत्रणा नसलेल्या मार्गांवर गाड्यांना ताशी ७९ मैलांची मर्यादा घातली. सुरक्षेच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच होता. परंतु ती यंत्रणा बसविण्याचा खर्च पुन्हा कंपन्यांच्याच माथी होता आणि घटत्या प्रवाशांसाठी तो करण्यास बहुतेक कंपन्या तयार नव्हत्या. १९३४ मध्ये विक्रम करणारी गाडी अशा रीतीने जागच्या जागी थिजली. १९६७ मध्ये टपाल खात्याने देशभरच्या अनेक गाड्यांतून टपाल काढून घेतले आणि प्रवासी गाड्यांचा उरलासुरला आधारही गेला.

वेस्टर्न पॅसिफिकने झेफिर बंद करण्यासाठी १९६६ मध्ये अर्ज केला. आंतरराज्य वाणिज्य आयोगाने १९६७ मध्ये तो फेटाळला. कंपनीने पुन्हा अर्ज केला आणि फेब्रुवारी १९७० मध्ये तिला परवानगी मिळाली. मार्च १९७० मध्ये शेवटची गाडी धावली. आयोगाची कोंडी समजण्याजोगी होती. गाडी लोकोपयोगी आहे, हे त्याला दिसत होते. पण लोकोपयोगाची किंमत कुणी द्यायची, हे ठरविण्याचा अधिकार त्याला नव्हता. तो केवळ ‘चालू ठेवा’ किंवा ‘बंद करा’ एवढेच सांगू शकत होता. पहिले सांगावे तर एका छोट्या कंपनीवर अन्याय, दुसरे सांगावे तर प्रवाशांवर. ज्याने हा पेच सोडवायला हवा होता, ते विधिमंडळ तोवर तटस्थ प्रेक्षक होते.

उशिरा सुचलेले शहाणपण

ऑक्टोबर १९७० मध्ये अमेरिकेत प्रवासी रेल्वेचा कायदा झाला आणि १ मे १९७१ पासून ‘अ‍ॅमट्रॅक’ या सरकारी पाठबळाच्या महामंडळाने देशातील बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्या हाती घेतल्या. म्हणजे झेफिर बंद पडल्यानंतर अवघ्या सात महिन्यांत तत्त्व मान्य झाले. मात्र उरलेल्या गाड्यांपैकी सुमारे निम्म्या त्याच दिवशी बंद करण्यात आल्या. रिओ ग्रँड कंपनीने या महामंडळात सामील होण्यास नकार दिला आणि डेन्व्हर ते सॉल्ट लेक सिटी आपली ‘रिओ ग्रँड झेफिर’ एप्रिल १९८३ पर्यंत चालू ठेवली. त्यामागे केवळ उदारता नव्हती. आपल्या मालगाड्यांच्या वाटेत परक्याची गाडी नको, हाही हिशेब होता. अखेर ती कंपनीही दमली. अ‍ॅमट्रॅकने तोच मार्ग घेण्याचे ठरविले, तेवढ्यात यूटामधील थिसल येथे डोंगराचा कडा खचून रेल्वेमार्ग आणि गाव दोन्ही गडप झाले. नवा मार्ग तयार झाल्यावर १६ जुलै १९८३ रोजी कॅलिफोर्निया झेफिर हे नाव पुन्हा रुळांवर आले.

ती गाडी आजही धावते, पण तिचा शेवटचा टप्पा बदलला आहे. फेदर नदीच्या दरीतून १९७० नंतर नियमित प्रवासी गाडी गेलेली नाही. शिवाय १९४९ मध्ये जेवढे तास लागत, जवळजवळ तेवढेच आजही लागतात. साथीच्या काळात, ऑक्टोबर २०२० मध्ये, ती आठवड्यातून तीन दिवसांवर आणण्यात आली आणि मे २०२१ मध्ये पुन्हा रोजची झाली. त्याआधी २०१७ मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांचे अनुदान बंद करण्याचा प्रस्ताव सरकारनेच मांडला होता. तो संसदेने मानला नाही. याचे कारण नकाशावर दिसते. नेब्रास्कातील मकूक किंवा होल्ड्रिज, नेवाडातील एल्को किंवा विनेमुका अशा लहान गावांवरून ही गाडी जाते. शिकागोत बसून थेट पॅसिफिकच्या किनाऱ्यावर उतरणारे प्रवासी तुलनेने थोडे. बरेचसे लोक मधल्याच दोन स्थानकांमध्ये प्रवास करतात. ज्याला मोटार चालविता येत नाही असा वृद्ध, घरापासून दूर शिकणारा विद्यार्थी, मोठ्या शहरातील रुग्णालयात जाणारा रोगी यांच्यासाठी ती करमणूक नसून आवश्यकता आहे. कंपनीच्या ताळेबंदात या माणसांच्या नावाचा रकाना कधीच नव्हता.

आपल्याकडील प्रश्न

हा सारा इतिहास सातासमुद्रापलीकडचा म्हणून सोडून देता येणार नाही. ‘व्हिस्टाडोम’ हा शब्द आता महाराष्ट्राला आणि गोव्याला परका राहिलेला नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये मुंबई–मडगाव जनशताब्दीला आणि २०२१ मध्ये डेक्कन एक्स्प्रेस व डेक्कन क्वीन या गाड्यांना काचेच्या छताचे डबे जोडण्यात आले. ग्लेनवुडच्या घळीत सुचलेली कल्पना पाऊण शतकानंतर बोरघाटात आणि कोकणात पोहोचली. त्याचे स्वागतच केले पाहिजे. निसर्ग पाहण्याचा आनंद प्रवाशाला मिळावा, यात गैर काही नाही. परंतु झेफिरचा अनुभव असे सांगतो की, काचेचा घुमट गाडीची शोभा वाढवितो, तिचे आयुष्य वाढवीत नाही. आयुष्य वाढते ते खर्चाची जबाबदारी कुणाची, हे आधी स्वच्छ ठरविल्याने.

नेमके हेच आपल्याकडे स्वच्छ ठरलेले नाही. २०१६ पासून तिकिटांवर, प्रवासखर्चापैकी सरासरी केवळ ५७ टक्के रक्कम रेल्वे प्रवाशाकडून वसूल करते, अशा अर्थाची ओळ छापली जाऊ लागली. रोज उठून नोकरीवर जाणाऱ्या कारकुनाला किंवा शिक्षकाला ती वाचून आपण कुणाचे तरी मिंधे आहोत, असे वाटल्यास नवल नाही. ही ओळ खोटी नसेल, पण ती अपुरी आहे. हाच माणूस मोटारीने निघाला असता तर रस्त्यांवर, इंधनाच्या आयातीवर, अपघातांवर आणि हवेच्या प्रदूषणावर समाजाला किती भुर्दंड पडला असता, हे कोणत्याही तिकिटावर छापलेले नसते. उरलेले पैसे मालवाहतुकीच्या उत्पन्नातून भरून काढले जातात, म्हणजे धान्य, कोळसा आणि सिमेंट यांच्या भाड्यातून. हा भार कुणावर किती पडतो, याची उघड चर्चा होत नाही. स्वतंत्र रेल्वे अर्थसंकल्प होता तोवर निदान वर्षातून एकदा संसदेत रेल्वेवर सविस्तर वाद होई. २०१७ मध्ये तो सर्वसाधारण अर्थसंकल्पात विलीन झाला आणि तेवढी संधीही आकसली.

चर्चा नसली की निर्णय मुकाट्याने होतात. एखाद्या गाडीचे थांबे कमी होतात, साधे डबे कमी होऊन वातानुकूलित डबे वाढतात, एखादी पॅसेंजर आधी ‘तात्पुरती’ रद्द होते आणि मग परत येतच नाही. विदर्भातील यवतमाळ, मूर्तिजापूर आणि अचलपूर यांना जोडणारी ‘शकुंतला’ अशीच गेल्या दशकात थांबली. ती संथ होती, जुनी होती, तोट्याची होती, हे सर्व मान्य केले तरी तिच्यावर अवलंबून असलेल्या गावांना पर्याय काय दिला, हा प्रश्न शिल्लक राहतो.

यावर उपाय म्हणजे सर्व गाड्या कोणत्याही परिस्थितीत चालू ठेवाव्यात, असा नव्हे. रिकामे डबे ओढीत नेणे ही लोकसेवा नव्हे आणि जुने नियम, जुनी वेळापत्रके जशीच्या तशी कवटाळून बसणाऱ्या व्यवस्थेला लोकांच्या पैशावर हक्क सांगता येत नाही. झेफिरच्या बाबतीत कामगारांचे नियम आणि कंपन्यांची अनास्था यांनीही आपला वाटा उचलला होता. अपेक्षा एवढीच की, कोणती गाडी धंदा म्हणून चालवायची आणि कोणती सेवा म्हणून, हे सरकारने जाहीरपणे ठरवावे. सेवा म्हणून चालवायच्या गाड्यांची तूट सार्वजनिक तिजोरीतून, विधिमंडळाच्या संमतीने आणि ठरीव मुदतीसाठी भरून द्यावी. आणि एखादी गाडी बंद करायची असेल तर तिच्यामुळे रस्त्यावर, शाळेवर, बाजारावर काय परिणाम होईल, याचा अहवाल आधी लोकांपुढे ठेवावा. असा हिशेब मांडूनही गाडी बंद करणे योग्य ठरले, तर त्या निर्णयाविरुद्ध कुणाची तक्रार राहणार नाही.

अमेरिकेने हा हिशेब गाडी गेल्यानंतर मांडला. तोवर फेदर नदीच्या दरीतील प्रवासी वाहतूक कायमची गेली होती, डबे विखुरले होते आणि लोकांची सवय मोडली होती. मोडलेली सवय पुन्हा लावणे हे रूळ पुन्हा टाकण्यापेक्षा अवघड असते. १९६७ मध्ये, आयोगाने पहिला अर्ज फेटाळला त्याच वेळी, तूट कुणी भरायची हे अमेरिकन संसदेने ठरविले असते, तर तेरा वर्षांचा वनवास टळला असता आणि खर्चही कदाचित कमी आला असता. भारतात रेल्वे मोठ्या प्रमाणावर सार्वजनिक मालकीची असल्याने तो निर्णय घेणे येथे अधिक सोपे आहे. तो टाळण्यासाठी सबब मात्र कमी आहे.